थर्माकोलच्या भिंतीला शेकोटी

मी थर्माकोलच्या भिंतीला लागून शेकोटी पेटवली. भिंतीला थंडी लागू नये म्हणून.

हसा खुशाल. त्या सकाळी मात्र मला त्यात शास्त्र दिसत होतं.

वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन सावली गावात आमच्याकडे राहायला आलेले. हिवाळ्यात त्यांची छाती वाजायची. टिनाच्या छपरातून पहाटेचा गारठा उतरला, की ते खाटेवर उठून बसायचे आणि एकेक श्वास विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर ओढायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडी नको आणि धूर तर अजिबात नको. म्हणून अंगणातली रोजची शेकोटीसुद्धा मीच बंद केली होती. त्यांना म्हटलं, "उबदार खोली बांधतो तुमच्यासाठी." आणि मोबाईलवर बर्फाच्या देशातली बांधकामं पाहत बसलो.

तिकडे थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकमेकांवर रचतात, पोकळीत सळया घालून काँक्रीट ओततात आणि थर्माकोल काढतच नाहीत. भिंतीला आतून-बाहेरून स्वेटर. माझं दुकान मोटर वायंडिंगचं. बांधकामातलं मला एवढंच कळतं, की भिंत उभी असते. तरी ठोकळे मागवले.

मिस्त्रीनं एक ठोकळा हातात घेऊन वाजवून पाहिला. "भाऊ, टीव्हीच्या खोक्यात राह्यते तेच ना हे?"

मी त्याला व्हिडिओ दाखवला. त्यात बर्फ पडत होता. मिस्त्री ठोकळे रचायला लागला. पटलं म्हणून की कंटाळून, ते मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी पोकळीत काँक्रीटचा माल भरून झाला. वरची उघडी कड धानाच्या वाळक्या तणशीनं झाकली. त्या रात्री गारठा असा पडला, की सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालवेना. मी तणस बाजूला करून कडेत खिळा खुपसला, तर तो मळलेल्या कणकेत जावा तसा आत गेला. थंडी तर अजून वाढायची होती, आणि बाबांच्या खोलीची भिंत ओलीच! थांबायला हवं होतं. मी काड्या गोळा केल्या.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "अवो, हे काय करून राह्यले?"

"भिंत शेकून राह्यलो. आत माल कच्चा आहे."

"आन् बाबा?"

"वारा तिकडचा नाई ना."

तेवढ्यात वारा तिकडचा झाला. ठिणगी तणशीवर पडली, पेटलेली तणस थर्माकोलवर घसरली. ते आधी आकसलं, मग त्यातून काळे थेंब गळू लागले, आणि जो धूर उठला तो सरळ घरात, बाबांच्या खाटेजवळच्या खिडकीत. मी बादल्या ओतत राहिलो. बायको कप टाकून आत धावली. माझं लक्ष भिंतीकडे होतं, तिचं माणसाकडे.

ती त्यांना धरून बाहेर आली तेव्हा त्यांना खोकताही येत नव्हतं. ओठ निळसर झालेले. शेजाऱ्याच्या ऑटोत मी त्यांची पाठ चोळत होतो आणि त्यांची छाती वाजण्याची वाट पाहत होतो. ज्या आवाजानं इतके दिवस जीव खालीवर व्हायचा, तोच ऐकू यावा म्हणून देवाला विनवत होतो.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. दुपारपर्यंत ओठांचा रंग परतला, पण श्वास अजून अडखळतच होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. अंगाला जळक्या थर्माकोलचा वास, केसांत तणस. कोणाकडे बघायची सोय नव्हती.

सिस्टर आल्या. "बाबा, तुमच्यासोबत कोण आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मास्क खाली ओढला.

"हा आहे ना. म्हणून तं इथी यावं लागलं."