धुरपताची ओळ

मालनबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांतली पन्नास वर्षं त्यांनी वाकून काढली होती. धानाची रोवणी वाकूनच होते. एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हातानं चिखलात एकेक रोप खोचायचं आणि मागं मागं सरकायचं. कंबर मोडून येते, म्हणून बाया गातात. लाखनीपासून दोन कोस आत असलेल्या त्यांच्या गावात गाणं उचलायचा मान मालनबाईंचा. त्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरल्या की शेताचा मालक खुशाल घरी जेवायला जायचा. लांबून गाणं ऐकू येत असलं म्हणजे हात चालू आहेत, हे त्याला कळायचं.

त्यांची नात तृप्ती लाखनीच्या कॉलेजात एम.ए. मराठी करत होती. लोकगीतांतून समाज कसा दिसतो, हा तिचा विषय. तिचे सर भागातल्या गाण्यांचं पुस्तक काढणार होते. तृप्तीनं दोन महिने आजीच्या तोंडासमोर मोबाईल धरून त्रेचाळीस गाणी उतरवून घेतली. शेजारपाजारच्यांनी विचारलं, की मालनबाई म्हणायच्या, "मी चौथी पास, अन् माहं पुस्तक कॉलेजात!"

नऊ फेब्रुवारी २०११, बुधवार. दुपारी अंगणात मालनबाई लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. तृप्ती टाईप होऊन आलेले कागद शेवटचे तपासत होती. सोमवारी ते छापखान्यात जायचे होते. ती एकेक गाणं मोठ्यानं वाचत होती आणि आजी मान डोलावत होत्या. तलावाचं गाणं आलं.

तलावाची पार फुटे, पानी सुटे बांध्यायत,
गाव सारा धावे बाई, टोपल्यायच्या रांगायत.

तृप्ती सलग वाचत गेली. पार, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, बांधून झाली, पाणी अडलं, धान पिकलं, गाव जेवलं. गाणं संपलं.

मालनबाईंचा हात सुपातच थांबला. "मधलं?"

"मधलं काय, आजी?"

"पार फुटली अन् पार बांधली, याच्या मधलं."

"तू गायलीच नाहीस. मोबाईल लावू का?"

तिनं लावला. मालनबाईंना आपलाच आवाज ऐकू आला. पार फुटली. मग काहीच नाही, फक्त एक श्वास. मग पार बांधली.

त्या श्वासात काय होतं, ते त्यांच्या मोहल्ल्यातल्या जुन्या बायांना ठाऊक होतं. त्या ठिकाणी कुणी गात नसे. सगळ्या एकदम खाली वाकत, एक रोप मुकाट्यानं खोचत आणि मग पुढची ओळ उचलत. त्या रोपाला कुणी नाव दिलं नव्हतं, पण ते धुरपताचं होतं. आता त्या जुन्या बायांपैकी मालनबाई एकट्याच उरल्या होत्या. आणि कागदावर श्वास उमटत नाही.

धुरपता त्यांची थोरली बहीण. १९५४ च्या पावसाळ्यात तलावाची पार फुटली, तेव्हा माती टाकायला आधी त्यांच्या मोहल्ल्याला हाक गेली. अशा कामाची पहिली हाक तिकडेच जायची. चौदा वर्षांची धुरपता टोपली घेऊन खिंडारापाशी गेली आणि मातीसकट खाली गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. पुढच्या रोवणीत जनाबाईनं, तेव्हाच्या गाणं उचलणाऱ्या म्हातारीनं, तलावाचं गाणं रचलं. त्यात धुरपताची एक ओळ होती. पाण्यातल्या आसरा देवींनी धुरपताला आपल्याजवळ नेलं, तिला हिरवं नेसवलं, असं काहीतरी. १९५६ साली नागपूरची बौद्ध दीक्षा झाली. मोहल्ल्यानं घरचे देव टोपल्यांत भरले आणि नदीला दिले. शेंदूर गेला, नवस गेले, साती आसरा गेल्या. मालनबाई तेव्हा शाळा शिकलेली, ताठ मानेची पोर होती. रोवणीत उभं राहून तिनंच म्हटलं होतं, "जनाबाई, हे ओळ आता नाही गायची."

जनाबाई म्हणाली होती, "पोरी, तुहीच बहीन आहे ना त्यात."

"बहीन माह्या मनात आहे. आसरा नको."

 पुढच्या वेळी जनाबाई त्या जागी गप्प राहिली आणि खाली वाकली. बाकीच्याही वाकल्या. देवी काढून बहीण ठेवता आली असती. हे कुणाला सुचलं नाही, आणि जनाबाई त्याच हिवाळ्यात गेली.

"मग आता सांग ना ती ओळ," तृप्ती म्हणाली. "मी घालते."

मालनबाईंनी तोंड उघडलं. चाल आली, शब्द आले नाहीत. दिवे लागले तरी आले नाहीत. तोंडानं जी गोष्ट पन्नास वर्षं टाळली, ती तोंड कुठून आणणार?

गुरुवारी त्या काही जेवल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी म्हणाल्या, "कारध्याले चाल. शकुनबाईले आठवत असन."

शकुनबाई त्यांच्याच गावच्या कोष्ट्याची लेक. रोवणीच्या दिवसांत हातमाग बंद ठेवून त्या घरच्या बायाही बांधीत उतरायच्या. लग्न होऊन ती कारध्याला गेली. तिकडच्या रोवणीतही ती हेच गाणं गाते, असं कुणीतरी सांगितलं होतं. एसटीनं दोघी कारध्याच्या फाट्यावर उतरल्या. शकुनबाई दारातच भेटल्या.

"अगं मालन! जिती आहेस का व तू?"

"यमाले माहं घर सापडत नाही. तुले काहून सोडलं त्यानं?"

"माह्या सुनेले भेते तो. मीबी भेते."

चहा आला. कप सगळ्यांना सारखेच होते. मालनबाईंनी ते पाहून घेतलं आणि मग प्यायल्या. मग त्यांनी विषय काढला. शकुनबाईंनी मांडी सावरली आणि घसा खाकरून तलावाचं गाणं सुरू केलं. पार फुटली. मालनबाई पुढं सरकून बसल्या.

पाटलाची लेक बाई, पारीसाठी देते जीव,
हाती हिरवा चुडा तिच्या, पान्यालेबी येते कीव.

"पाटलाची लेक?" मालनबाई म्हणाल्या. "पाटलाले लेक कुठं होती?"

"नव्हती," शकुनबाई म्हणाल्या. "तिघंही पोरंच होते."

"मंग?"

"मंग काय? गान्यात झाली."

तृप्तीला हसू आलं, पण आजीचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"पार राखली धुरपतानं, शकुन."

"मले काय सांगतेस? मी पाहून राहिली होती." शकुनबाईंचा आवाज चढला. "माही माय म्हने, तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरीचं नाव आपल्या बायांनी कायले घ्यायचं? पाटलाची लेक म्हना, पाटलीन खूश होईन. झाली पाटलीन खूश. चोळीचं एकेक खन देल्लं आमाले. अन् तुमीबी कमी नाही बरं! तुमी आमच्या आसरा काढल्या, आमी तुमची पोरगी काढली. फिटंफाट."

"देव काढला. पोरगी नाही काढली."

"मंग कुठं आहे ते? गाऊन दाखव."

मालनबाईंनी चाल धरली; ती त्याच जागी तुटली.  मग शकुनबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "माही वेनी ते धुरपताच घालून द्यायची. बांधावर बसवून. माह्या मायले कळू नाही द्यायची." आणि त्या ओळ आठवायला लागल्या. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून दोघी म्हाताऱ्या एकच चाल घोळवत राहिल्या. 'हिरवं' आलं. 'नेली' आलं. त्याच्या पुढं दोघींचंही तोंड बंद पडे. परतीची एसटी यायच्या वेळेला शकुनबाईंनी कपाळावर हात मारला. "पाटलाची लेकच येते व तोंडात. दुसरं येतच नाही."

शनिवारी मालनबाई थेट कॉलेजात गेल्या. सरांनी उठून खुर्ची दिली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मालनबाईंनी शुक्रवारच्या रात्रीत स्वतःच एक ओळ जुळवली होती. ती त्यांनी म्हणून दाखवली.

सर म्हणाले, "आजी, ओळ चांगली आहे. पण ती कालची आहे. आम्ही गाणं जसं गायलं जातं तसंच छापतो. मी ही घातली, तर उद्या कुणी पाटलाची लेक घालायला येईल. मग मी त्याला काय म्हणू?"

"ते छापून राहिले काय तुमी?"

"नाही. तुमचंच छापतोय. तुम्ही गाता तसं."

मालनबाईंना वाटलं, यानं भांडायला हवं होतं. भांडणारा माणूस चुकतो तरी.

"त्या जागी आम्ही गप राहतो, वाकतो, हे तरी लिहा."

सरांनी पेन उघडलं. गाण्याखाली बारीक अक्षरांत तळटीप घालता येईल, असं म्हणाले. लिहून त्यांनी वाचून दाखवली: "पहिल्या दोन ओळींनंतर गायिका क्षणभर थांबतात. १९५४ च्या सुमारास पार फुटली असता मातीची टोपली घेऊन गेलेली धुरपता नावाची चौदा वर्षांची मुलगी बुडाली, असे त्या सांगतात."

"सुमारास कायले? त्याच साली."

सरांनी 'च्या सुमारास' खोडून 'साली' लिहिलं.

"अन् सांगतात कायले? माही बहीन होती. मी पारीवर उभी होती."

"कुठं नोंद आहे का, आजी? कोतवालाच्या बुकात?"

"आमच्या पोरीची नोंद कोन करत होतं, बापा? म्हनून तं गानं केलं होतं."

सरांनी पेन मिटलं. 'सांगतात' त्यांनी तसंच ठेवलं. ते खरं होतं, आणि मालनबाईंनाही ते कळत होतं.

बाहेर पडल्यावर तृप्ती म्हणाली, "आजी, नाव तर आलं ना पुस्तकात."

"आलं," मालनबाई म्हणाल्या. "पन गाईन कोन ते?"

लाखनीच्या स्टँडवर गर्दी होती. हायवेवरून ट्रकांची रांग जात होती. मालनबाई बाकड्याच्या टोकाला बसल्या आणि छापून येणार ते हेच, म्हणून सरांचं वाक्य तलावाच्या चालीवर बसवायला लागल्या. "मातीची टोपली घेऊन गेलेली…" बसेना. 'असता' काढून पाहिलं. 'चौदा वर्षांची' पुढं आणली. 'नावाची' गाळलं. दर खेपेला धुरपतापाशी येईपर्यंत चालीचा श्वास संपे आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेजारची बाई लेकराला घेऊन जरा दूर सरकली. त्यांच्या गावची एसटी लागली, कंडक्टरनं दोनदा गावाचं नाव पुकारलं. तृप्ती दंड धरून ओढत होती, "आजी, ऊठ ना, लोक पाहून राहिले." मालनबाईंनी तिचा हात झटकला. "थांब. टोपलीपर्यंत आली." एसटी निघून गेली. त्या गुडघ्यावर हात आपटत परत पहिल्या शब्दापासून म्हणू लागल्या.