एकाच मापाचे चाळीस हात

सकाळी साडेसातला आमच्या घरी प्रत्यक्ष यमदूत आला, तरी त्याला "दोन मिनिटं बसा, कुकर उतरवते" असंच ऐकावं लागेल. डबे उघडे, इस्त्री तापलेली, मुलीचा एक मोजा सापडलेला आणि दुसरा बेपत्ता. नवरा "माझा चष्मा कुठाय" म्हणून मला विचारतोय आणि चष्मा त्याच्याच डोक्यावर. आतल्या खोलीतून सासूबाईंचा रेडिओ आणि सासूबाई, दोघंही एकाच आवाजात.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी दार वाजवत नाही. शिवाय ती टकटक बोटांची नव्हती, धातूची होती. मी लगेच ओळखलं. अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी. आमच्या इमारतीचे टेलर मास्तर बोटातलं अंगुस्तान झोपतानाही काढत नाहीत, अशी वदंता आहे.

दार उघडलं तर मास्तरच. गळ्यात टेप, काखेत खाकी कागदाची गुंडाळी.

"वहिनी, घाईत आहात का?"

"छे हो, निवांत लोळत पडलेय," मी हातातला झारा दाखवत म्हटलं.

मास्तर हसले नाहीत. एरवी हा माणूस विनोद पुरा व्हायच्या आत हसून मोकळा होतो. मी बाजूला झाले आणि त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं.

"कोण आलंय?" आतून सासूबाई. "तो शिंपी का? माझ्या गाऊनचा खिसा अजून डावीकडेच आहे म्हणावं!"

"बदलून देतो, मावशी," मास्तर म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

आमच्या जिन्याखालच्या गाळ्यात मास्तरांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं. कुणी भेटलं की त्यांची नजर आधी खांद्यावर जाते, मग चेहऱ्यावर. माझ्या नवऱ्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे लग्नानंतर नऊ वर्षांनी मला त्यांच्याकडून कळलं. लग्न त्यांनी केलं नाही. थोरल्या बहिणीने लहानाचं मोठं केलं, तीच अजून घर चालवते आणि भावालाही. "एक बहीण पुरे आहे, बायकोची भर कशाला," असं ते म्हणतात आणि आधी मागे वळून ताई ऐकत नाही ना ते बघतात.

पलीकडच्या रस्त्यावर विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज आहे. तिथल्या मुलींचे गणवेश वर्षानुवर्षं मास्तरच शिवतात. तीन वर्षांपूर्वी तिथल्या मॅडम, सुई टोचणं, जखम बांधणं असलं प्रत्यक्ष काम शिकवतात त्या, दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही हात शिवाल का?"

"बाही म्हणताय का?"

"बाही नाही. हात. अख्खा."

मॅडमच्या प्रयोगशाळेत विकत आणलेला एकच रबरी हात होता आणि मुली साठ. टोचून टोचून त्याची चाळणी झालेली. मुली आधीच्या भोकातच सुई घालायच्या आणि आलं म्हणून खूश व्हायच्या. नवा मागितला की वर्षभर कागद फिरायचे. मॅडम कागदांना कंटाळून शिंप्याकडे आल्या होत्या.

मास्तर त्या कामाने पछाडले. आत फोम आणि कापूस, त्यातून शिरेसारखी बारीक रबरी नळी, नळीत लाल पाणी. अडलं ते कातडीपाशी. रेक्झिनवर सुई वाकायची, हातमोज्याचं रबर फाटायचं. शेवटी पसरट ताटात ओतून वाळवलेलं मऊ रबर जमलं. आता नळी नेमकी कुठून कुठे न्यायची? त्यासाठी खराखुरा हात हवा. ते तडक माझ्याकडे आले.

"वहिनी, तुमच्या शिरा काय छान उठून दिसतात हो!"

माझ्या रूपाबद्दल वीस वर्षांत मिळालेली ही एकमेव दाद, आणि ती नवऱ्याच्या देखत. ह्याच ओट्यावर खाकी कागद पसरून त्यांनी माझा डावा हात त्यावर ठेवला, पेन्सिलीने गिरवला, शिरेची रेघ मारली. तो नमुना कापला आणि त्यावरून एकामागून एक चाळीस हात बेतले.

मी ही गोष्ट सांगितली नाही असं कुणी उरलं नाही. माझ्या हातावर पोरी शिकतात म्हणजे काय! फोनवर चुकून लागलेल्या माणसालाही मी ऐकवली असेल.

मागच्या वर्षी कॉलेजात प्रदर्शन होतं, तेव्हा मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मास्तरांचं नाव फलकावर होतं. सहा मुली एका रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. दंडाला रबरी पट्टा, कोपराच्या घडीपासून दोन बोटं खाली, अंगठ्याच्या बाजूला, सुई आत. सहाही सुयांत लाल पाणी. सगळ्यात झटपट होती ती एक चणीने एवढीशी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणायचे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी वाजवल्या, मीही वाजवल्या.

खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीतरी खुपलं होतं. त्या पोरी बोटांनी शीर शोधत नव्हत्या. दोन बोटं मोजायची की टोचायचं. रोज कणीक मळणाऱ्या बाईला कळतं की पाणी मापाने घालून भागत नाही, पिठाला हात लावावा लागतो. पण हात माझा होता आणि टाळ्या चालू होत्या. मी गप्प बसले.

तर त्या सकाळी स्टुलावर बसून मास्तर बोलायला लागले. मी गॅस बंद केला. नवऱ्याने काय ते ओळखलं आणि डबे स्वतः भरले.

"दहा दिवसांपूर्वी ताईला दवाखान्यात ठेवलं होतं ना, उलट्यांनी."

"हो, मी भेटून आले की."

"तुम्ही संध्याकाळी आलात. सकाळचं तुम्हाला सांगितलं नाही." ते अंगुस्तान बोटावर फिरवत राहिले. "सलाईन लावायला चिमणी आली होती. मला बघून केवढी खूश झाली. म्हणाली, काका, तुमची बहीण? मग काळजीच नको."

तिने पट्टा बांधला, दोन बोटं मोजली आणि टोचलं. काही आलं नाही. पुन्हा तिथेच टोचलं. मग दुसऱ्या हातावर, पुन्हा तीच दोन बोटं. चौथ्या वेळी ताई कळवळली. वॉर्डच्या सिस्टर धावत आल्या, त्यांनी ताईच्या मनगटामागे बोट फिरवलं आणि एका झटक्यात सुई बसवली. मग सगळ्या वॉर्डासमोर त्या मुलीवर कडाडल्या, "प्रयोगशाळेत काय झोपा काढता का?"

"तिथे माझी सुई एकदाही चुकली नाही हो, सिस्टर," ती म्हणाली. रडत म्हणाली.

"आणि वहिनी, मी पायथ्याशी पाण्याची बाटली घेऊन उभा होतो," मास्तर म्हणाले. "ती कुठे टोचतेय ते पहिल्याच खेपेला ओळखलं मी. ती तुमचा हात शोधत होती. ताईच्या हातात तुमचा हात कुठून येणार?"

माझा हात नकळत ओट्याखाली गेला.

"मग बोललात का नाही?"

"तेच तर. सिस्टर मला म्हणाल्या, तक्रार द्यायची तर द्या, कागद आणते. आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, जाऊ द्या, पोरगी लहान आहे, होते चूक. असं मोठ्या मनाने म्हणालो! शेजारच्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा म्हणाले, किती सज्जन माणूस. जाताना त्या पोरीने माझे आभार मानले, वहिनी. हात जोडून. सगळं गिळता येतंय, तेवढं गिळता येत नाही."

आत रेडिओ बंद झाला होता. सासूबाई ऐकत होत्या तर.

चिमणीला वॉर्डातून काढून वह्या लिहायला बसवलं. गुरुवारी तिची पुन्हा परीक्षा आहे. तीत नापास झाली तर वर्ष गेलं. पण ती मैत्रिणींना सांगत सुटली होती की परीक्षेला बसणारच नाही, माझ्या हातात हे कामच नाही. हे कानावर आलं आणि मास्तरांना घास जाईना. ताईने विचारलं, तर तिला सगळं सांगितलं. ताईने आपले काळेनिळे हात त्यांच्या नाकासमोर धरले. "चार वेळा टोचून घेतलं ते मी, आणि सज्जन म्हणवून घेतलंस तू? जा, आधी मॅडमना सांग."

परवा ते गेले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नमुना एक केलात, पण डोळे बांधायची हौस माझी होती, मास्तर." मग त्यांनी कपाटातून दहाबारा हात काढून टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकाची शीर त्याच जागी.

"आणि चिमणीला?"

"काल फाटकाशी गाठून सांगितलं. वाटलं, चिडेल, चार शब्द सुनावेल. सुनावलं असतं तर बरं झालं असतं." मास्तरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "तिने स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाली, काका, म्हणजे माझे हात वाईट नाहीत? दहा दिवस ती पोर स्वतःच्या हातांना वाईट समजत होती."

मी चहा टाकला. गार होईपर्यंत दोघांपैकी कुणी कपाला हात लावला नाही.

मग त्यांनी गुंडाळी उलगडली. खाकी कागदांवर पाच हात गिरवलेले होते. ताईचा, वॉचमनचा जाडजूड, इस्त्रीवाल्याचा, मॅडमचा, त्यांचा स्वतःचा. प्रत्येकावर शिरेची रेघ वेगळ्या वाटेने गेलेली. बुधवारपर्यंत मॅडमना सहा निराळे हात हवे होते, म्हणजे चिमणीला निदान एक दिवस त्यांच्यावर चाचपून शिकता येईल. आता शीर कुठे आहे ते कुणीच तिला सांगणार नव्हतं.

माझ्या लक्षात आलं, सहावा कमी होता. मी बाही सरकवली आणि डावा हात ओट्यावर ठेवला. जणू त्यानेच काही केलं होतं आणि आता भरपाई करायला निघाला होता.

"तुमचा नको, वहिनी," मास्तर हळूच म्हणाले. "तुमचे चाळीस आहेत."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. कातडी कागदासारखी, शिरा दिसतात पण बोट ठेवलं की सटकतात. गेल्या वर्षी रक्त तपासायला आलेल्या माणसाने सात ठिकाणी टोचलं होतं. तेव्हापासून बाराही महिने लांब बाह्यांचा स्वेटर आणि बाही मनगटापर्यंत ओढलेली. औषध घ्यायला मी नुसता हात धरला तरी झिडकारतात. घरात त्या बाहीला शिवायची कुणाची छाती नाही.

"मास्तर, त्या ऐकायच्या नाहीत."

"ठाऊक आहे. विचारून बघतो."

आम्ही आत गेलो. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात बाह्यांत, बाह्या काखेत.

"सगळं ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या चाळीस हातांवर शिकूनच कुणीतरी आलं होतं वाटतं माझ्याकडे."

"तो आमच्या कॉलेजचा नव्हता, मावशी," मास्तर म्हणाले. मग मान खाली घालून, "पण तसंच कुणीतरी शिकवलेलं असणार."

मास्तर खाली जमिनीवर बसले, गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवला आणि खुर्चीच्या पायाशी कोरा कागद पसरला. मग बोटातलं अंगुस्तान काढलं. इतक्या वर्षांत ते बोट मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं, टोकाला पांढरंफटक आणि सुरकुतलेलं.

"सुई नाही, मावशी. नुसती पेन्सिल आहे. पाच मिनिटं तुमचा हात हवाय."