बूस्टचा पाइप, बूस्टरचा पाइप

"मॅडम, लई भारी काम झालं. आता तर आवाज थांबतच नाय बघा."

विशालचा फोन होता. तासाभरापूर्वीच तो आमच्या मुकुंदवाडीच्या गॅरेजमधून गाडी घेऊन गेला होता आणि आता बायको पूजा व वडिलांना घेऊन पाचोडला, गावी निघाला होता. फोन पूजाच्या हातात, स्पीकरवर. तो खुशीत होता. मी मात्र हातातला पाना खाली ठेवला, कारण तो आवाज थांबायलाच हवा होता.

आवाज कसला ते सांगते. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. त्या कोंबलेल्या हवेच्या दाबाला आम्ही बूस्ट म्हणतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच्या तोंडाशी असलेली झडप बंद होते आणि ती हवा मागं फिरून पंख्यावरच आपटते. तिला वाट करून देतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. कंपनीचा व्हॉल्व्ह ही हवा गुपचूप आतल्या आत फिरवतो. विशालला ती बाहेर सोडणारा हवा होता, म्हणजे गिअर बदलताना 'फुस्स' आवाज येतो आणि शेजारचा वळून बघतो. गाडीला यातून काही मिळत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो हसला. मग निदान इंजिनला सोसेल असा, मध्यम स्प्रिंगचा व्हॉल्व्ह मी निवडून दिला.

पण हा 'फुस्स' सेकंदभराचा असतो. सतत येतोय म्हणजे हवा दुसरीकडूनच कुठून तरी जातेय.

मी विचारलं, पाय काढल्यावर गाडी हळू होते का? तो पाय काढून बघत म्हणाला, "नाय. आरपीएम खालीच येईना. आत्ता एका ट्रकला ओव्हरटेक केलं, तवापासून असंच."

मी युनूसभाईंकडे वळले. युनूसभाई आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, तीस वर्षं याच कामात. व्हॉल्व्ह त्यांनीच बसवला होता. व्हॉल्व्हला कधी उघडायचं ते कळावं म्हणून इंजिनच्या तोंडापासून एक बारीक पाइप आणावा लागतो. विशालच्या गाडीत बूस्ट दाखवणारा मीटर मी आधीच लावलेला होता, त्याचा, म्हणजे बूस्टचा, बारीक पाइप तयारच होता. काम चालू होतं तेव्हा मी माझ्या वडिलांच्या चष्म्यासाठी औरंगपुऱ्यात होते. तिथून युनूसभाईंना फोन केला, बूस्टच्या पाइपला टी मारा आणि लाइन घ्या. टी म्हणजे पाइपला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड. परत आले तेव्हा व्हॉल्व्ह बसलेला होता. मी दोनदा रेस दिली, 'फुस्स' ऐकलं आणि बॉनेट बंद केलं. टी कुठं आहे ते पाहिलं नाही.

"युनूसभाई, टी कुठं मारला?"

"तुम्ही बोलल्या तिथंच. बूस्टरच्या पाइपला."

बूस्टर म्हणजे ब्रेकचा. पेडलमागचा गोल डबा, ज्याच्यामुळं पायाच्या साध्या दाबानं टनभराची गाडी थांबते. त्याला ताकद मिळते इंजिन हवा शोषतं त्या ओढीतून, आणि ती ओढ येते एका जाड पाइपमधून. मी म्हणाले होते बूस्ट. त्यांनी ऐकलं बूस्टर. त्या जाड पाइपचा जोडच आता फुटला असणार. विशाल ज्या आवाजावर खूश होता, तो त्याच्या ब्रेकचा जीव जात असल्याचा आवाज होता.

मी तिथंच टायरवर बसले.

बूस्टरच्या डब्यात थोडी ओढ साठून राहते. एक-दोन ब्रेक नीट लागतात. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं, दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी नावालाच थांबते. मी विचारलं, ओव्हरटेकनंतर ब्रेक मारला का? तो म्हणाला, एकदा मारला, चांगला लागला. पुढं काय आहे, विचारलं. तर पाचोड आलंच होतं. बाजाराचा दिवस, रस्त्यावर टेम्पो, बैलगाड्या, माणसं.

एरवी मी गिऱ्हाइकाला अहो-जाहो करते. तेव्हा सरळ एकेरीवर आले.

"विशाल, ऐक. ब्रेकला पाय लावू नको. गिअर खाली घे, एकेक करून."

"काय झालं मॅडम?"

"घे आधी. मग क्लच दाब, आणि ब्रेक एकदाच दाबायचा. दाबून तसाच धरायचा. सोडून परत दाबलास तर लागणार नाही."

फोनवर इंजिनचं ओरडणं आलं. पूजा काहीतरी म्हणाली. मागून त्याच्या वडिलांचा आवाज, "डावीकडं घे, डावीकडं." मग खडीवर टायर घासल्याचा आवाज, आणि काहीच नाही. मग पूजा म्हणाली, "थांबली."

मी आणि युनूसभाई निघालो. गाडी रस्त्याच्या कडेला खडीत उभी होती. तिच्यापुढं चार पावलांवर ज्वारीच्या पोत्यांचा टेम्पो, त्याच्या फाळक्याला पाठ टेकून दोन बाया बसलेल्या. त्यांना काही कळलंच नव्हतं. मला त्यांच्याकडं बघवेना.

बॉनेट उघडलं. मी आणून ठेवलेला स्टीलचा टी बारीक पाइपचा होता, तो जाड पाइपला बसणारच नव्हता. म्हणून युनूसभाईंनी ठिबक सिंचनाचा प्लास्टिकचा टी लावला होता. शेतात तो वर्षानुवर्षं टिकतो. इंजिनच्या उष्णतेत तो मऊ पडला आणि ओव्हरटेकच्या दाबाला मधोमध चिरला. मी तो काढला, ब्रेकला सोबत आणलेला नवा अखंड पाइप लावला. व्हॉल्व्हचं तोंड बंद केलं.

विशालचे वडील जवळ आले. "पोरी, खरं सांग. ब्रेक व्हते का नव्हते?"

मी म्हणाले, "नव्हते. चूक आमची आहे. माझी."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. पूजा त्या गाडीत पुन्हा बसली नाही, वडापच्या जीपनं गेली.

परतताना युनूसभाई माझ्या शेजारी बसले होते. मी विचारलं, तीस वर्षं ब्रेकची कामं करताय, बूस्टरच्या पाइपला टी मारताना तुम्हाला खटकलं नाही?

"खटकलं ना. टी बसंना, तवाच खटकलं. फोन हातात घेतलेला." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पर मागच्या हप्त्यात गॅस्केटचं विचारलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या, युनूसभाई, एवढंही सांगावं लागतं का. मी म्हटलं, जाऊ दे. इंजिनिअर हैं, सोच के ही बोली होंगी."

टी बसेना तेव्हा त्यांनी फोन केला असता तर चष्म्याच्या दुकानात उभी राहून मी काय बोलले असते, ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं.

आता फोनवर काम सांगितलं की पाइप कुठून निघतो आणि कुठं जातो, हे समोरच्याकडून वदवून घेते. आणि कुणी उलट प्रश्न विचारला की आधी गप्प बसते. पहिली सवय आठवड्यात लागली. दुसरी अजून लागतेय.