तालमीचा उंबरा आणि यमुनाबाई

कोल्हापुरात माझ्या पाठीला कुणी माती लावू शकलं नाही! खरं सांगायचं तर पाठीवर पडायच्या आधीच मी तोंडावर पडायचो. महाराजांच्या राज्यात पैलवानाला मान मोठा, म्हणून मंगळवार पेठेतल्या तालमीत घुसलो. मराठी चौथीत मास्तरांनी माझ्यापुढं हात टेकलेच होते. तालमीतले किस्से तांबड्या मातीसारखे. कितीही अंघोळ करा, कानात उरतातच. त्यातले हे यमुनाबाईचे.

*

यमुनाबाई गडहिंग्लजची लेक, आमच्या गल्लीची सून. मास्तरीण व्हायचं ट्रेनिंग घेत होती. नवऱ्याला, दत्तोबाला, ते खपेना. शाळा सोड म्हणून मारायचा. परीक्षा तोंडावर आली तशी ती तालमीच्या दारात येऊन उभी राहिली.

बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही आमची रीत. वस्ताद आतनंच ओरडले, “सांग तिथनंच. मोठ्यानं!”

तिनं सांगितलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

वस्ताद म्हणाले, “नवरा-बायकूच्या भांडणात आमी पडत न्हाय, पोरी.”

“भांडण कुठाय, मामा? मी निस्ता मार खातीया!”

*

तरी मी दत्तोबाला समजवायला गेलो. समजावणं म्हणजे माझा हातखंडा! त्यानं पाटावर बसवलं, तांबडा रस्सा वाढायला लावला. वाढणारा हात सुजलेला दिसला. मला वाटलं, चुलीचा चटका असंल.

परत आल्यावर वस्तादांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“लई चांगला माणूस हाय! रस्सा तर असला...”

आमच्यात डोकं असलेला एकटाच पैलवान म्हणजे कल्हईवाला बाबालाल. तो म्हणाला, “आन् रस्सा केलता कुणी, सदबा?”

*

यमुनाबाई परत दारात आली, तसे आम्ही सल्ल्यावर आलो. सल्ल्याला ताकद लागत नाही.

“घरला लवकर जा.” “उलटं बोलू नगंस.” “अभ्यास मनातल्या मनात कर.” हा शेवटचा माझा!

रस्त्यावरनं आवाज आला, “हे समदं मला सांगतायसा. त्याला काय सांगणार?”

सगळे एकदम जोर काढायला लागले. त्या दिवशीएवढे जोर आमच्या तालमीत पुन्हा झाले नाहीत!

*

शेवटी वस्तादांना तोडगा सुचला. कुस्ती! चारचौघांत आडवा झाला की दत्तोबाचा हात आपसूक खाली येईल. गडी कोण? मी!

हलगी कडाडली, मी शड्डू ठोकला, आणि एकदम आभाळ दिसलं. वरची पाठीची फुशारकी तेवढ्या दिवसापुरती मागं घेतो.

आता जिंकणाऱ्याला फेटा बांधून मिरवायचं, हीही तालमीचीच रीत. वस्ताद रीतीला पक्के. बायकोला मारणाऱ्याची मिरवणूक आम्हीच काढली, आणि नेली ती त्याच्याच दारावरनं!

यमुनाबाई दारात उभी. काखेत पुस्तकं, हातात गाठोडं. गल्ली फेट्याकडं बघत होती, तोवर ती उलट्या बाजूनं चालती झाली.

बाबालाल म्हणायचा, “आपली मदत झाली ती एवढीच.”

*

ती गेली शाळेच्या थोरल्या बाईंकडं. बाईंनी विचारलं, “जेवलीस का?” आणि बोर्डिंगात खोली दिली. दत्तोबा आला, फेटा बांधूनच आला. बाईंनी फाटकच उघडलं नाही. ना हलगी, ना शड्डू!

यमुनाबाई पास झाली. रीत ती रीत! नवा फेटा घेऊन, हलगी लावून आम्ही सगळे बोर्डिंगवर गेलो. सगळ्यांत पुढं मी. ऐटीत पाय उचलला.

यमुनाबाई आतनंच ओरडली, “थांबा पावणं! हितं बाप्यांनी उंबरा वलांडायचा न्हाय.”

हलगी थांबली.

“सांगायचं ते तिथनंच सांगा. मोठ्यानं!”