घसरलेला पाय
गच्चीवरची टाकी घासताना शेवाळाचा वास आला आणि नाशिकच्या कोर्टातला एक जुना खटला आठवला. सुरगाण्याकडच्या एका बाईची मुलगी विहिरीत पडून मेली होती आणि मी त्या मुलीच्या नवऱ्याचा वकील होतो. आपणच तिला ढकलल्याचं त्यानं मला खासगीत कबूल केलं होतं. तरीही शेवाळलेली पायरी, भरलेली कळशी, सटकलेला पाय मी असा रंगवला, की न्यायाधीशही लिहायचे थांबले. तो सुटला. बाहेर व्हरांड्यात त्या आईनं माझा हात धरला. "साहेब, माझी पोर पाय घसरूनच पडली ना? कोणी ढकलली नाय ना?" मी म्हणालो, "घसरूनच." तिनं डोळे पुसून मला हात जोडले. नवे वकील आजही तो युक्तिवाद ऐकायला येतात. त्यांना 'तो सुटला' इथवरच सांगून मी थांबतो.