केळफुलावरचा काळा पक्षी

मंडळी, आज सकाळी तुकईथडच्या बागेत केळफुलं तोडत होतो. घडाच्या फण्या निघाल्या की खाली लोंबणारं फूल आम्ही तोडून फेकतो, म्हणजे केळी चांगली भरतात.

एका फुलात चोच खुपसून चिमणीहून लहान काळा पक्षी रस पीत होता. मी विळा उचलला, तर मुलगी ओरडली, “पप्पा, रुको! इकडून बघा ना.”

मी तिच्या बाजूला गेलो. तिथून पाहिलं तर तोच पक्षी उन्हात निळा, हिरवा, जांभळा झळकत होता.

वीस वर्षं मी त्याला काळा म्हणून हाकलतोय. मी उभा कायम सावलीच्या बाजूला, मग दिसणार काय!

ते फूल राहू दिलं. एक घड बारीक भरला तरी चालेल. पण आजवर त्याच्यापुढची किती ताटं मी ओढून फेकली असतील, सांगा बरं?