मी दुरुस्त केलेला रिमोट

आमच्या भावोजींचं एक वाक्य आठ महिने घरोघरी ठरलेलं होतं. "चहा नको, आत्ताच घेतला." माणूस घरातून कोरड्या तोंडाने निघालेला, आणि म्हणे आत्ताच घेतला! शेजारी बसलेली माझी ताई मुकाट्याने फरशीकडे बघायची. कारण तिला ठाऊक होतं आणि मलाही. कपबशी हातात घेतली की भावोजींचे हात थरथरायचे, कप बशीवर वाजायचा आणि खोलीतलं बोलणं थांबायचं.

हे हात कसले होते ते आधी सांगते. भावोजींचं सोफे शिवण्याचं दुकान. तीस वर्षं या हातांनी गावातल्या निम्म्या लोकांची बसायची सोय केली. फोमचा तुकडा अंगठ्याने दाबायचे आणि सांगायचे, "हा चार वर्षांत बसेल, हा नऊ वर्षं उभा राहील." वाकड्या सुईने घातलेला त्यांचा टाका शोधायला भिंग लागायचं. मग हळूहळू ती सुई कापडाला लागण्याआधी हवेतच दोन-तीनदा टोचायला लागली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, काहींना वयाने येतं, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण जाणार नाही. ताईचा जीव भांड्यात पडला. भावोजींनी दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं.

मी ताईची धाकटी बहीण. वजनकाटे दुरुस्त करते. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात बाळं तोलतात तेसुद्धा. काट्यावर तांदळाचा दाणा ठेवला आणि काटा ढिम्म राहिला तर माझं डोकं फिरतं. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. हे काम मी धरलं तेव्हा नातेवाइकांनी मला हसून घेतलं. भावोजी हसले नाहीत. त्यांनी दुकानात उरलेल्या चामड्याची एक गुंडाळी शिवून दिली, माझ्या एकेका पक्कडीच्या, पेचकसाच्या मापाचा वेगळा कप्पा असलेली. शिवून हातात देताना एवढंच म्हणाले, "हत्यारं नीट ठेवली की लोक नीट बोलतात." एकवीस वर्षं झाली, एक टाका उसवलेला नाही. या माणसाचे उपकार मी फेडणार कशाने?

म्हणून फोनवर ती जाहिरात दिसली तेव्हा मी दोनदा विचार केला नाही. रिमोटवर उडणारं फोमचं विमान, वापरलेलं, चांगल्या घरी द्यायचं आहे. भावोजींना त्याचं वेड जुनं. गावाबाहेरच्या मैदानावर काही लोक दर रविवारी अशी विमानं उडवतात. त्यातल्या गॅरेजवाल्यांनी आपल्या विमानावर भावोजींना दोन वर्षं शिकवलं होतं. स्वतःचं घ्यायचं मात्र राहून गेलं. "जरा हात रिकामे होऊ देत," असं ते म्हणायचे. हात रिकामे झाले ते असे.

मी पत्त्यावर गेले. "सासरे दवाखान्यात गेलेत," म्हणत एका सुनेने दारातच विमान, रिमोट आणि तारांची पिशवी माझ्या स्वाधीन केली. विमानाची अवस्था बघण्यासारखी होती. नाक चिरलेलं, पंखांवर पोचे, एक चाक गायब.

"हे कशाला आणलंस?" भावोजी म्हणाले. "माझे हात दिसत नाहीत का तुला?"

"हात बघायला कुणी आणलंय? फोम बघायला आणलंय. घरात फोमातलं दुसऱ्या कुणाला कळतं?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने वळले आणि अंगठ्याने पंख दाबला. "हा दाण्यादाण्यांचा फोम आहे," म्हणाले. "आमच्या सोफ्यात असला नसतो." मी ताईकडे बघितलं. तिने जेवणाच्या टेबलावरचा मेणकापडाचा तुकडा काढून जुनी चादर अंथरली, न सांगता.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच टेबलावर काढले. ताटं मांडीवर घेऊन जेवलो. पोचे काढायची युक्ती भावोजींची: उकळत्या पाण्यात फडकं बुडवून पोच्यावर धरायचं, फोम फुगून आपोआप वर येतो. पंखाच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. त्या वरखाली झाल्या की विमान कलतं. त्यांच्या बिजागऱ्या फाटल्या होत्या. भावोजींनी सोफ्याच्या अस्तराच्या पट्ट्या चिकटवून नव्या केल्या, मूळच्यापेक्षा सरस. कोपर टेबलावर दाबून धरलं की त्यांचा हात जरा कमी हलायचा. बारीक स्क्रू आणि तारांना डाग देणं माझ्याकडे. जुनी मोटर काढून आम्ही जास्त ताकदीची बसवली, नाकावर नवा पंखा लावला, पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी बदलल्या. नवी मोटर जड, त्यामुळे नाक खाली जायला लागलं. मग पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं आणि बॅटरी केसाकेसाने मागे सरकवायची. हे काम मला न मागता मिळालेलं बक्षीसच होतं.

चिकटवताना मात्र फजिती झाली. पंखाचं तुटलेलं टोक बसवायला भावोजींनी दुकानातलं सोल्यूशन आणलं. तीस वर्षांचा भरवसा! मी म्हटलं, आधी एका कोपऱ्यावर लावून बघू. "तू मला चिकटवायला शिकवणार?" असं म्हणून त्यांनी सढळ हाताने थापलं. दोन मिनिटांत पंखाच्या टोकाला मुठीएवढं भोक. साखर पाण्यात विरघळावी तसा फोम त्यात विरघळला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नऊ वर्षं उभा राहील म्हणालात ना?" आणि भावोजी हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सुताराचा पांढरा डिंक आणला, नवा तुकडा कापून बसवला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही.

माझी फजिती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

रिमोटला दोन दांड्या असतात. उजवी हलवली की पंखाच्या पट्ट्या हलतात. मी तपासायला बसले तर दांडी मधोमध थोडीशी हलवून काहीच होईना. बरीच रेटली की मग पट्ट्या हळूच हलायच्या. माझ्या धंद्यात याला एकच नाव आहे: मेलेला काटा. मी रिमोटच्या छोट्या पडद्यावरच्या सगळ्या याद्या उघडल्या, कुणीतरी आत भलतेसलते आकडे भरून ठेवलेले दिसले, आणि मी ते सगळे पुसून टाकले. रिमोट कारखान्यातून निघाला तसा कोरा केला, दिशा नव्याने लावल्या. आता दांडीला फुंकर मारली तरी पट्टी हलेल इतका चोख. "बघा," मी भावोजींना म्हटलं, "दाणा टाकला तरी काटा हलतो."

रविवारी मैदानावर गेलो. मी विमान हातातून फेकलं. ते वर गेलं आणि त्याला कापरं भरलं. भावोजींची प्रत्येक थरथर पंखांवर दिसत होती, अगदी स्पष्ट, सगळ्या मैदानाला दिसेल इतकी मोठी. चहाचा कप निदान खोलीपुरता असतो. गॅरेजवाले कुंपणापासून ओरडले, "अहो, हात घट्ट धरा की!" बिचारे चांगल्या मनाने म्हणाले, त्यांना काय माहीत. भावोजींनी हात आणखी घट्ट धरले, मग ते आणखी हलले. विमान एका बाजूला कललं आणि वाळल्या गवतात नाकावर आपटलं.

भावोजी गवतात गेले. तुकडे पिशवीत भरले आणि हात खिशात घातले. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "शिलाई मशीनला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ." ताई त्या दिवशी जेवली नाही.

माझा राग नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर निघाला. खराब माल गळ्यात मारला, म्हटलं, आता जाऊन जाबच विचारते. भावोजींना मी जवळजवळ ओढूनच नेलं. त्यांनी फक्त पिशवी काखेत धरली. या वेळी दार त्या सुनेच्या सासऱ्यांनी उघडलं. म्हातारे, उंच, एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीवर त्यांच्याच हाताची सुबक अक्षरं होती. मी सुरू झाले. रिमोटच सदोष होता, दांडी मधे मेलेली होती, मलाच दुरुस्त करावी लागली, वगैरे.

"दुरुस्त केलीत?" पेंटरकाका म्हणाले. "अहो, तो दोष मी आठवडाभर बसून घातला होता."

मला कळेना. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. मोठाले मग होते, आणि प्रत्येकात चहा निम्माच. भावोजींचं ठरलेलं वाक्य सुरू झालं, "चहा नको, आत्ताच…" आणि तिथेच राहिलं. कारण पेंटरकाकांनी आपला मग उचलला होता आणि त्यांचा हात भावोजींपेक्षा जोरात हलत होता. चहा हिंदकळून काठापर्यंत चढला आणि परत खाली गेला. सांडला नाही. वर जागा होती.

"निम्माच भरायचा," ते म्हणाले. "संपला की पुन्हा मागायचा. मागायला काय लाज? रिमोटमध्येही मी तेच केलं. मधोमध थोडी जागा सोडली. दांडी तेवढ्यात हलली तर विमानाने ती मनावर घ्यायची नाही. मुद्दाम हलवली तरच ऐकायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी विमान उडवणं डोळ्यांपायी सोडलं, हातांपायी नाही."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जगात माझ्या भावोजींना हवी होती नेमकी तीच गोष्ट आयती माझ्या हातात आली होती, आणि मी शहाणपण पाजळून ती पुसून टाकली होती. मी तिथल्या तिथे कबूल केलं. भावोजी आता रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी आपला मग दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "मी नाही का पंखाला सोल्यूशन लावलं?" एवढंच. त्यानंतर आजतागायत त्यांनी तो विषय काढलेला नाही.

मी पेंटरकाकांना म्हटलं, तुमचे आकडे सांगा, परत भरते.

"माझे तुम्हाला चालायचे नाहीत. थरथर ज्याची त्याची वेगळी असते. यांचे शोधा."

विमान जोडून घेतलं आणि त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. भावोजींनी दांड्या धरल्या, मी मधल्या मोकळ्या जागेचा आकडा वाढवत गेले. दहा. पट्ट्या फडफडत होत्या. वीस. कमी झाल्या. तीसला मधूनच एखादा झटका. छत्तीसवर आल्यावर पट्ट्या स्थिर झाल्या. भावोजींचे हात तसेच हलत होते, आणि पंख टेबलावर असा पडला होता जणू त्याच्याशी कुणी बोलतच नाही. ताई माझ्या मागे उभी होती. तिने माझा खांदा इतका जोरात धरला की दुखला.

मी आयुष्यभर जिथे काटा हलत नाही तिथे दोष शोधला. तो हलू नये म्हणून जिवाची मरमर केली ती फक्त त्या एका वेळी.

पुढचं आधीच सांगून टाकते: मशीन विकलं नाही. दुकान अर्धा दिवस उघडतं. जाड कापडाची कामं भावोजी करतात, बारीक टाका आता ताई घालते आणि ते तिला शिव्या न देता शिकवतात, जे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

मैदानावर तीच माणसं होती. मी विमान फेकलं, ते वर गेलं, आणि सरळ गेलं. भावोजींनी डावीकडे वळवलं तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, अंगात घाई नसलेल्या माणसासारखं. मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत होते. ते तसेच थरथरत होते.

"इकडे काय बघतेस?" भावोजी म्हणाले. "वर बघ."

मी वर बघितलं. काही दिसलं नाही, कारण डोळे भरले होते. आम्ही सोबत आणलेले पेंटरकाका ताईशेजारी खुर्चीवर बसले होते. "सरळ चाललंय ना?" ते सारखे विचारत होते, आणि ताई सारखी सांगत होती, "सरळ चाललंय, काका."

विमान गवतावर उतरलं, थोडं घसरलं आणि थांबलं. लोक गोळा झाले. गॅरेजवाल्यांनी थर्मास उघडला आणि पहिला कप भावोजींच्या पुढे धरून ओतायला सुरुवात केली. ताईने सवयीने मान खाली घातली. मीसुद्धा.

"निम्माच भरा," भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले. "हात थरथरतात माझे."

गॅरेजवाल्यांनी निम्मा भरला. भावोजींनी तीनदा मागून घेतला.